पात्याचं पोट

केळीचा घड उतरवताना कापणाऱ्याला एकच वार मिळतो. दांडा त्या वारात तुटला तर घड झेलणाऱ्याच्या खांद्यावरच्या गोणपाटावर नीट बसतो. दोन-तीन वार लागले तर पंचवीस-तीस किलोचा घड हिसका खातो, फण्या एकमेकींवर घासतात आणि दांड्यातला चीक फळांवर ओघळतो. हा चीक वाळला की काळा डाग पडतो, आणि आमच्या रावेर-यावल पट्ट्यात व्यापारी भाव सांगण्याआधी डागच बघतो. निर्यातीच्या मालात तर याहून बारीक गोष्टी बघितल्या जातात. फणी दांड्यापासून वेगळी करताना काप साफ नसेल, चिंध्या राहिल्या असतील, तर तिथूनच बुरशी आत शिरते आणि पेटी उघडेपर्यंत फणीचं डोकं काळं पडलेलं असतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. टिश्यूकल्चर, ठिबक, फर्टिगेशन यांवर आमच्याकडे तासन् तास बोललं जातं. ज्या पात्यानं वर्षभराचं पीक उतरवायचं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्या घरातला. आयटीआयमधून फिटर झालो, धुळ्यात एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं नोकरी केली आणि वडील थकल्यावर बाग बघायला गावी परतलो. कानस फिटरच्या हाताला सवयीची असते. तरी जाड पात्याचं ज्ञान मला मिळालं ते वर्कशॉपच्या बाहेर, आग्रा रोडच्या कडेला भट्टी मांडून बसणाऱ्या एका वयस्क लोहाराकडे. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणायचो. सुटीच्या दिवशी गावाकडचे कोयते, विळे, कुऱ्हाडी गोणीत गुंडाळून त्यांच्याकडे न्यायचो आणि काम होईपर्यंत तिथेच बसून राहायचो.

गिऱ्हाईक कोयता हातात घेतं ते अंगठा धारेवर आडवा फिरवून बघतं. नानांनी मी पाहिलेल्या एकाही पात्याची धार आधी तपासली नाही. ते पातं डोळ्यासमोर आडवं धरायचे, टोकाकडून मुठीकडे नजर टाकायचे, मग धारेच्या किंचित मागे पातं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चिमूट हळूहळू पाठीकडे सरकवायचे. पात्याची जाडी किती झपाट्यानं वाढते हे बोटांना कळत असे. मला एकदा म्हणाले, "भाऊ, धार नंतर देख. पहिले पोट देख."

पोट म्हणजे धारेच्या लगेच मागचा अर्धा-पाऊण इंचाचा पट्टा. नव्या चांगल्या कोयत्याची पाठ दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिथून पातं धारेकडे उतरत जातं. आपण दर वेळी धार लावतो तेव्हा थोडं पोलाद झिजतं आणि धार पाठीच्या दिशेनं, जाड भागात मागे सरकते. चार-पाच हंगामांनी पातं बोटभर अरुंद होतं आणि धार जिथे येऊन थांबलेली असते तिथे लोखंड चांगलं दोन-तीन मिलिमीटर जाड असतं. त्या जाड भागाच्या टोकाला आपण एक उभी, बारीक कड घासून काढतो आणि तिला धार म्हणतो. अशा पात्यानं हातावरचे केस निघतात, पण केळीचा दांडा तुटत नाही. कड आत शिरते, मागचं जाड पोट अडतं. मग मजूर जोर लावतो, त्याचा खांदा भरून येतो, मालक म्हणतो लोखंड हलकं निघालं, आणि नवा कोयता येतो. जुना कोयता बहुतेक वेळा उत्तम असतो. त्याचं पोट उतरवलेलं नसतं, एवढंच.

आमच्या भागातले जवळपास सगळे हातघडणीचे कोयते ट्रकच्या कमानपाट्यांचे असतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही मोठे रस्ते एकमेकांना मिळतात, त्यामुळे गॅरेजांची रांग आणि तुटलेल्या पाट्यांचा ढीग हे लोहाराला हाताशीच असतात. पाट्याचं पोलाद जड ट्रक खड्ड्यात आपटला तरी वाकून परत सरळ व्हावं म्हणून बनवलेलं असतं. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन आणि दीड-दोन टक्के सिलिकॉन. घाव घालणाऱ्या पात्याला याहून योग्य आणि स्वस्त पोलाद खेड्यात मिळणं कठीण. फक्त त्याला पाणी नीट पाजायला हवं.

हे पाणी पाजणं मी नानांकडे पोटभर पाहिलं आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण जाड पात्याची धार टिकते की नाही याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. शेवटायचं काम, म्हणजे पातं तापवून धारेकडचा भाग घणानं ठोकून पातळ करणं, ते दुपारभर करत. पाणी मात्र दिवस कलल्यावर. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा लाल रंग खोटा दिसतो. मे महिन्यातल्या धुळ्याच्या उन्हात तर दिसतच नाही. बाभळीच्या कोळशावर पातं हळूहळू लाल करायचे, मधूनमधून बाहेर काढून सुतळीला टांगलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ न्यायचे. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. चुंबकानं पकड सोडली की पातं आणखी थोडं तापवायचे आणि मग फक्त धारेकडचा दोन बोटं भाग पाण्यात बुडवायचे. पाठ लालच राहायची. सबंध पातं बुडवलं तर कमानपाट्याला चीर जायची भीती असते. काही लोहार म्हणून पाण्याऐवजी जळकं ऑइल वापरतात.

खरं कसब याच्या पुढचं. बुडवलेली धार त्या क्षणी काचेइतकी कडक आणि ठिसूळ झालेली असते. नाना झटकन विटेच्या तुकड्यानं ती घासून पांढरी करायचे आणि बघत बसायचे. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे चालत येते आणि पांढऱ्या पोलादावर रंग उमटू लागतात. आधी फिका पिवळा, साधारण २२०-२३० अंशांना. मग तपकिरी, अडीचशेच्या पुढे. मग जांभळा, २८० च्या आसपास. आणि तीनशेला निळा. विळा-कोयत्याला तपकिरी रंग धारेपर्यंत पोचला की पातं पाण्यात. कुऱ्हाडीला जांभळा येऊ द्यायचे, कारण तिला मार जास्त. निळा आला तर काम वाया. पुन्हा तापवा, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं काही क्षणांत घडतं, त्या वेळी नानांशी बोललेलं त्यांना चालत नसे, आणि आजूबाजूला उभे असलेले लोकही आपोआप गप्प व्हायचे.

म्हणून ग्राइंडरबद्दल मला तीव्रपणे बोलावंसं वाटतं. आता प्रत्येक गावात वेल्डिंगचं दुकान आहे आणि लोक कोयते तिथे नेतात. चार इंची हातग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो. धारेपाशी लोखंड पातळ, उष्णतेला पळायला जागा नाही. दोन-तीन सेकंदांत धार निळी होते, म्हणजे तीनशे अंश ओलांडते आणि लोहारानं रंग बघून बघून दिलेलं पाणी तिथे संपतं. वाईट भाग असा की पुढच्या फिरकीत चकती तो निळा रंग पुसून टाकते. गिऱ्हाइकाला चकचकीत धार दिसते. मऊपणा आतच राहतो. संध्याकाळी तीक्ष्ण असलेलं पातं दुसऱ्या दिवशी दुपारी दुमडलेलं असतं, माणूस परत ग्राइंडरवाल्याकडे जातो आणि एका हंगामात इंचभर पातं खलास होतं. नाना म्हणायचे, "घाई करशी ते पानी उतरी जाई." यंत्र वापरायचंच असेल तर पोट उतरवण्यापुरतं वापरावं, धारेला लावू नये. हलक्या हातानं, दर फिरकीला पाण्यात बुडवून, आणि पातं उघड्या बोटांनी धरवत असेल तेवढंच गरम होऊ देऊन. जुन्या काळची हातानं फिरवायची, खाली पाण्याचं कुंड असलेली दगडी चाकं या बाबतीत कितीतरी बरी होती. त्यांनी कुणाचं पाणी उतरवलं नाही.

घरी मी काम करतो ते कानशीनं. बारा इंची भरड कानस, जिला कारखान्यात बास्टर्ड म्हणतात, तिला लाकडी मूठ बसवलेली हवीच. बिनमुठीच्या कानशीचं टोक तळहातात घुसतं. कोयता शिकंज्यात पक्का धरायचा, धार आपल्यापासून पलीकडे. शिकंजा नसेल तर जाड ओंडक्यावर दोन सी-क्लॅम्पनी आवळायचा. पाय ठेवून धरलेल्या पात्यावर कानस मारू नये. आता पोटाच्या सगळ्या पट्ट्यावर काळ्या मार्करनं रंग द्यायचा आणि कानशीचे दोन हात मारून बघायचं, काळं कुठे गेलं. बहुतेकांचं फक्त धारेपाशी जातं. आपल्याला ते धारेपासून पाऊण इंच मागेपर्यंत सगळीकडून जायला हवं आहे, म्हणजे कानस जवळजवळ पात्यालगत झोपली पाहिजे. ढकलताना दाब, परत घेताना कानस उचलायची. दातांत खडू चोळून ठेवला तर लोखंडाचा चुरा अडकत नाही आणि पात्यावर ओरखडे पडत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण धारेच्या मागची जाडी एक मिलिमीटरच्या आत येईपर्यंत ते सोडू नये. कानस एखाद्या जागी लोखंड न खाता नुसती सरकली तर ती जागा फार कडक आहे. तिथे जोर करून कानशीचे दात घालवू नयेत, तिथे दगड वापरावा.

पोट उतरल्यावर धारेला वेळ लागत नाही. दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एका बाजूनं भरड आणि दुसऱ्या बाजूनं बारीक, पाण्यात भिजवून घ्यायचा. कोन मोजायला यंत्र नको. तीन इंच रुंद पात्याची पाठ दगडापासून एक इंच उचलली की साधारण वीस अंश होतात, दोन इंची विळ्याला त्याच हिशेबानं पाऊण इंचाला किंचित कमी. भरड बाजूनं लहान लहान गोल घासत पूर्ण धार फिरायची. पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागली, जिला वर्कशॉपमध्ये ‘बर’ म्हणतात, की ती बाजू झाली. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे तुटली असेल तर तिथे धार अजून आलेली नाही. मग दुसरी बाजू, मग बारीक दगड.

शेवटचा हात मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यावर मारतो. लाकडी फळीवर ट्यूब, त्यावर आधी चारशे नंबरचा आणि मग हजारचा वॉटर पेपर. पातं नेहमी पाठीच्या दिशेनं मागे ओढायचं, धार पुढे ढकलली तर पेपर फाटतो. दाबाखाली रबर किंचित दबतं आणि कागद धारेला वळसा घालून बसतो, त्यामुळे बर निघून जाते आणि पोट व धार यांच्यामधला कोपराही गोल होतो. जाड पात्याला ही हलकी गोलाई फार मानवते. धारेच्या पाठीशी लोखंड राहतं, म्हणून ती दुमडत नाही, आणि कापलेला भाग बाजूला ढकलला जातो, म्हणून पातं रुतत नाही. परीक्षा केसांवर घेऊ नये. केळीच्या हिरव्या पानाचा देठ हातात न धरता, झाडावर लोंबता असतानाच एका हलक्या वारात तुटतो का, ते बघावं.

केळीच्या दुसऱ्या दुनियेत, म्हणजे मध्य अमेरिकेच्या बागांत, मॅशेटी वापरतात. लांब पातं, जाडी दोन-तीन मिलिमीटर. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातली कॉलिन्स कंपनी, १८२६ साली कुऱ्हाडींसाठी सुरू झालेली, पुढे अशी पाती तिकडे मोठ्या प्रमाणावर पाठवत होती. पातं पातळ असल्यानं पोटाचा प्रश्न तिथे येत नाही. मजूर कानस सोबत बाळगतो आणि बांधावर बसून धार करून घेतो. आपला कोयता आखूड आणि वजनदार आहे, कारण तोच खांब पाडतो, तोच बांधावरची बाभळीची फांदी तोडतो आणि वेळप्रसंगी खुंटीही ठोकतो. एकाच पात्यानं सगळं करायचं ही आपली सवय मला पटत नाही. आमच्या बागेत घडाचा कोयता वेगळा, खोडाशेजारी फुटणारी पिलं कापायचा वेगळा, आणि पिलांच्या कोयत्याच्या मुठीला लाल ऑइलपेंट लावलेला आहे. पिलं जमिनीलगत कापावी लागतात, पातं मातीत जातं. तापीकाठची पोयट्याची माती तशी दयाळू आहे. साक्रीकडच्या मुरमात तर पहिल्या तासातच धारेचे दात पडतात. या कोयत्याला धार जरा उभी, पंचवीस अंशांपर्यंत ठेवावी.

वेगळेपणाचं दुसरं कारण रोगाचं आहे. केळीवरचा हरण्या रोग मावा किडीमुळे पसरतो, त्यात पात्याचा दोष फारसा नाही. पण कंद सडवणारी एरविनिया पात्याला लागलेल्या रसातून आणि मातीतून एका खोडावरून दुसऱ्यावर सहज जाते. सडका कंद कापलेला कोयता ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नये. फक्त ब्लीचिंग पोलाद खातं, म्हणून संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन, पुसून तेल लावायला विसरू नये.

प्रत्येक पात्याचं पोट सारखं उतरवायचं नसतं, हेही सांगायला हवं. सातपुड्यातून येणारं वाळलेलं लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीचं पोट भरलेलंच पाहिजे. ते पातळ केलं तर कुऱ्हाड लाकडात रुतून बसते आणि काढता काढता दांडा मोडतो. धुळ्याला चैत्र पौर्णिमेला पांझरेकाठी एकविरादेवीची यात्रा भरते, त्या दिवसांत शहरातल्या खाटकांचे हात थांबत नाहीत. त्यांचा सत्तूर बघा. हाडावर बसणारं पातं असल्यानं धार पंचवीस-तीस अंशांची, पोट जाड, आणि खाली चिंचेचा ओंडका. मांस कापायचे सुरे ते मधूनमधून एकमेकांवर घासतात. त्यानं लोखंड झिजत नाही, वाकलेली धार सरळ होते. लोखंड काढायची वेळ आल्यावरच ते दगड घेतात. दादर ज्वारीच्या कापणीचा विळा याच्या अगदी उलट, तो पातळच हवा.

केळीचा चीक धारेचा मोठा शत्रू आहे. त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा थर बनतो आणि पातं दांड्यात चिकटून चालतं. कापणीला जाण्याआधी पात्यावर खोबरेल तेलाचा बारीक हात फिरवला तर चीक बसत नाही. बसलाच तर तो ओला असताना तेलाच्याच फडक्यानं निघतो. वाळल्यावर रॉकेल किंवा लिंबू लागतं. जळकं इंजिन ऑइल कुऱ्हाड-कुदळीला ठीक, फळाला किंवा मटणाला लागणाऱ्या पात्याला नको. पात्यावर कायमचा आलेला निळसर काळा रंग घासून काढायची गरज नाही. तो गंज थोपवतो.

मुठीकडेही लक्ष असावं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, लाकूड आकसतं आणि मूठ खुळखुळू लागते. लोक ती रात्रभर पाण्यात टाकतात. सकाळी घट्ट होते, आठवड्यात पुन्हा ढिली होते आणि आतलं लोखंड गंजून जातं. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी मुठीला जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवावं. ते लाकडात शिरून वाळतं. लाकूड धामणीचं मिळालं तर दुसरं शोधू नये, हिसका सोसण्यात त्याची बरोबरी आमच्याकडचं कुठलं लाकूड करत नाही.

नाना आता नाहीत आणि त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत. पण चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडे भट्टी पेटवणारे लोहार अजून आहेत, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात त्यांचा माल दिसतो. त्यांना काम कमी मिळतं, कारण ग्राइंडरवाला पाच मिनिटांत काम उरकतो आणि लोहार दोन दिवसांनी या म्हणतो. या वर्षी खंडेनवमीला हत्यारं धुऊन पूजेला मांडाल, त्याच्या पंधरा दिवस आधी घरातलं जुनं, अरुंद झालेलं एक तरी पातं लोहाराकडे घेऊन जा. नुसती धार लावून द्या असं सांगू नका. शेवटून, पोट उतरवून, पाणी पाजून द्या असं सांगा, दोन दिवस थांबा, आणि तो मागेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.